बरोब्बर पन्नास

तबकडीच्या पेटीला वीज देणारा डबा जळाला तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दारात पोचल्या होत्या, एक पाऊल आत आणि एक बाहेर. तबकडीवरचं क्लॅरिनेट आधी जड झालं, मग जांभई दिल्यासारखं लांबलं आणि गप्प बसलं. पाठोपाठ जळक्या वार्निशचा वास आला. ट्रान्सफॉर्मर गेला, हे फ्यूजकाकांना न बघताच कळलं. पण त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला होता? गाणं थांबलं तशा काकू जागच्या जागी रुतल्या. पाय फरशीला चिकटलेले आणि वरचं अंग मात्र पुढे निघालेलं. काका धावले, वाटेत टेबलाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटून घेतला, आणि अगदी पडता पडता त्यांनी बायकोला काखेत धरलं.

"डबा गेला ना?" काकूंनी तशाच लोंबकळत विचारलं.

"गेला."

"मग आता हो?"

काकांनी काकूंना कसंबसं वळवलं, खुर्चीत बसवलं, आणि मग गुडघा चोळत डब्यासमोर जाऊन उभे राहिले. डब्याच्या जाळीतून निळसर धूर निघत होता.

फ्यूजकाका हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. कुणाच्याही घरची वीज गेली की हे पक्कड घेऊन हजर, हे एक कारण. आणि स्वतःचा फ्यूज उडायलाही त्यांना फारसा वेळ लागत नसे, हे दुसरं. काकूंनी त्या फ्यूजबरोबर अख्खा संसार केला होता, तेव्हा त्यांना त्याचं काही वाटत नसे. हल्ली मात्र त्यांना कंपवाताने गाठलं होतं. हात थरथरायचे ते थरथरायचेच, पण खरी खोड पायांची. चालता चालता पाय एकाएकी गोठायचे, आणि दाराची चौकट आली की हमखास. डोकं म्हणायचं चल, आणि पाय म्हणायचे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओबाईंना यावरचा इलाज अगदी योगायोगाने सापडला. त्या आल्या त्या दिवशी काकांनी तबकडी लावली होती. कुठल्याशा बँडची जुनी धून होती, वर क्लॅरिनेट, खाली ड्रम, आणि मागे एक जाडजूड पितळी वाद्य पावलापावलाला ढुम ढुम करणारं. काकू उठल्या आणि सरळ दारातून पलीकडे गेल्या. फिजिओबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, की आतला ठेका हरवला तर शरीर कधी कधी बाहेरचा ठेका उसना घेतं. हे गाणं यांच्या पायांना मानवलंय, तेच रोज लावा आणि रोज चालवा. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तबकडी फिरायची आणि काकू घरभर फिरायच्या. संडासापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येणं ही काय चीज आहे, हे ज्याचं जातं त्यालाच कळतं. काकूंना ते परत मिळालं होतं, आणि आता डबा जळाला होता.

हा डबा काकांनी स्वतः बनवलेला, लग्नानंतर लगेच. तेव्हा ते एका उघड्याबोडक्या डोंगरावरच्या हवामान ठाण्यात बॅटऱ्यांची देखभाल करायचे. वर विजेची तार पोचलीच नव्हती. दिवे, यंत्रं, सगळं बॅटरीवर. नवी नवरी तिथे कंटाळून जाऊ नये म्हणून काकांनी कुठूनशी एक जुनी तबकडी वाजवायची पेटी पैदा केली. पण तिची मोटर बॅटरीच्या सरळ विजेवर फिरेना. तिला हवी होती हेलकावे खाणारी वीज, सेकंदाला पन्नास हेलकावे, आणि तीही घरात येते तिच्या निम्म्या जोराची. काकांनी कागदावर गणित केलं, दोन-चार ट्रान्झिस्टर जमवले, बोटं भाजून घेतली आणि बॅटरीतून हेलकावे काढणारा डबा उभा केला. पेटी वाजली. पुढे शहरात बदली झाली, भिंतीभिंतीत वीज आली, तरी पेटी त्या डब्यावरच चालत राहिली. एक तर मोटर निम्म्या जोराची, भिंतीत खुपसली असती तर जळून गेली असती. आणि दुसरं म्हणजे काकांना त्या डब्याचा फार अभिमान. पाहुणा आला की चहाच्या आधी डबा दाखवला जायचा.

संध्याकाळी लेक आली. तिचं घर दोन बसथांबे पलीकडे. ऑफिस सुटलं की ती आधी इकडे डोकावायची. तिने आईला खुर्चीत बसलेलं पाहिलं, बापाला डबा उचकटून बसलेलं पाहिलं, आणि काय झालं ते विचारायच्या आधीच फोनवर तीच धून शोधून काढली. तोच बँड, तीच तबकडी, कुणीतरी स्वच्छ करून ठेवलेली. काकू उभ्या राहिल्या. दोन पावलं पडली, तिसरं घाईघाईने, चौथं फरपटत, आणि पाय गोठले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लेकीचा चेहरा उतरला. काका मात्र मनातून थोडे खूश झाले, खोटं कशाला बोला. फोनमधलं गाणं म्हणजे डबाबंद हवा, आपल्या तबकडीची सर त्याला कुठून येणार, असं एक छोटं भाषणही त्यांनी दिलं.

लेकीने ते ऐकून घेतलं, आणि मग हलक्या आवाजात खुर्चीचा विषय काढला. चाकांची खुर्ची. फिजिओबाईंशी तिचं बोलणं झालं होतं. चालणं सुटलं की पाय फार लवकर विसरतात, आणि पडून हाड मोडण्यापेक्षा खुर्ची बरी, असं त्यांचं म्हणणं. दुकानवाला सोमवारी घरी आणून देणार होता.

"एकदा त्यात बसले ना, की मी उठायची नाही," काकू म्हणाल्या. "मला माझा आळस चांगला ठाऊक आहे."

त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं, आणि ते काकांनी पाहिलं. त्यांनी जळका ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं, की सोमवारच्या आत नवा डबा उभा करतो, नाही केला तर लोकांनी आपल्याला फ्यूजकाका म्हणू नये. म्हातारा हट्टाला पेटला की त्याच्या वाटेला जायचं नाही हे लेकीला लहानपणापासून माहीत होतं. ती मुकाट्याने कपबशा विसळायला गेली.

जुना डबा दुरुस्त होण्यातला नव्हता. त्यातले ट्रान्झिस्टर आता बाजारात मिळत नव्हते, आणि आतली तारांची वेटोळी कोळसा झाली होती. काकांना त्याचं फारसं दुःखही झालं नाही. उलट त्यांना हुरूप चढला. त्या वेळी हाताशी काय होतं? एक व्होल्टमीटर आणि कागद-पेन्सिल. आता होतं तसं सामान तेव्हा असतं तर काय बहार केली असती, हे त्यांनी आयुष्यभर घोकलं होतं. आता करायची वेळ आली होती, आणि यावेळी काटा म्हणजे काटा.

जेवायच्या टेबलावर कारखाना उभा राहिला. एका मोडक्या गाडीतल्या स्टिरिओचा अॅम्प्लिफायर काढला, तो मोटरला ताकद देणार. एक ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला, म्हणजे मोठ्या विजेची लहान करण्याऐवजी तो लहान विजेची मोठी करणार. आणि हेलकावे मोजून द्यायला एक क्रिस्टल आणला. क्रिस्टल म्हणजे घड्याळात असतो तसला खड्याचा चिमुकला तुकडा. तो ठरल्या वेगानेच थरथरतो, उन्हात ठेवा की थंडीत, त्याचं मन वळवता येत नाही. काकांना तो प्राणी फार आवडला. आपल्याच जातीचा आहे, असं ते काकूंना म्हणाले. काकू म्हणाल्या, ते दिसतंच आहे.

अडचण डोळ्यांची होती. रेझिस्टरवरच्या, त्याचं माप सांगणाऱ्या बारीक रंगीत पट्ट्या काकांना आता ओळखू येत नसत. तपकिरी आणि लाल त्यांना भाऊ-भाऊ वाटायचे. तेव्हा काकू खिडकीशी बसून पट्ट्या वाचायच्या. हात थरथरायचा म्हणून तो इवलासा तुकडा बशीत ठेवायचा आणि बशीवर वाकायचं. तपकिरी, काळा, नारिंगी, असं त्या सांगायच्या आणि काका सोल्डरचा डाग द्यायचे. कधी त्यांचं चुकायचं, कधी यांचं, आणि मग दोघांची जुंपायची. त्या जुंपण्यातही एक बरं वाटणं होतं. बऱ्याच दिवसांनी दोघं एका कामाला लागली होती.

पहिल्या खेपेला मोटर फिरलीच नाही, नुसती भुंग्यासारखी गुणगुणत राहिली आणि तापली. विजेचे हेलकावे चौकोनी येत होते, त्यांना घासूनपुसून गोल करायला हवं होतं. काकांनी त्यासाठी आणखी एक तुकडा जोडला. दुसऱ्या खेपेला फिरली, पण उलटी. या मोटरला दोन वेटोळी. एकाला वीज आधी आणि दुसऱ्याला जरा मागून द्यायची, आणि तो मागचा-पुढचा हिशोबच काकांनी उलटा लावला होता. सुई टेकली आणि बँड शेवटाकडून सुरुवातीकडे वाजायला लागला. काकूंना हसू आवरेना.

"आता मी काय मागे मागे चालायचं?" त्यांनी विचारलं.

काकांचा फ्यूज उडता उडता राहिला. दोन तारा अदलाबदल केल्या, आणि तिसऱ्या खेपेला तबकडी सुलट फिरली, कुरकुर नाही की घरघर नाही. अंगठ्याला फोड आला होता, पाठ मोडली होती, पण म्हाताऱ्याची छाती अशी फुगली होती की विचारू नका. मीटर लावला. बरोब्बर पन्नास. दशांशाच्या पुढेही शून्यच. मग त्यांनी तबकडीवर रेघारेघांची कागदी चकती ठेवली आणि ट्यूबलाइट लावली. घरातली वीज डोळ्याला न कळता लुकलुकत असते, आणि त्या लुकलुकीत फिरती चकती बघितली की वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. वेग चुकला तर त्या पुढे किंवा मागे सरकायला लागतात. काकांनी चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही बाजूंनी पाहिलं. रेघा उभ्या होत्या.

लेकीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती दाराच्या पलीकडे हात पसरून उभी राहिली, लहान मुलाला पहिलं पाऊल टाकायला लावताना उभं राहतात तशी. काकांनी सुई टेकवली. काकू उठल्या, ठेका ऐकला, आणि निघाल्या. दोन पावलं बरी पडली. मग पाय घाईला आले, छोटी छोटी पावलं एकमेकांना ढकलायला लागली, आणि दारापासून हातभर अंतरावर त्या गोठल्या.

पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं. काकांनी आवाज वाढवला, कमी केला, पेटी दाराजवळ नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या पायांनी करून पाहिलं. फरक शून्य. काकूंना घाम फुटला होता आणि त्या तरीही म्हणत होत्या, थांबा, आणखी एकदा. शेवटी लेकच पुढे झाली आणि तिने आईला खुर्चीत बसवलं.

"बाबा, आता पुरे करा," ती म्हणाली. "डब्याचं काही चुकलेलं नाही. आईचा आजार पुढे गेलाय."

काकांनी हातातली पक्कड खाली ठेवली. लेक ऑफिसला निघून गेली, आणि ती जाताना फोनवर दुकानवाल्याला सोमवारचं पक्कं करत होती हे त्यांना जिन्यातून ऐकू आलं. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. इतके दिवस काम होतं म्हणून भीतीला जागा नव्हती. आता डबा तयार होता, बिनचूक होता, आणि करायला काही उरलं नव्हतं.

तबकडी फिरतच होती. ती बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काकू खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या आणि तोंडाने तीच धून गुणगुणत होत्या. बऱ्याच वेळाने काकांच्या लक्षात आलं, की त्यांचं गुणगुणणं पेटीच्या मागे पडतंय. पेटी पहिलं कडवं संपवून पुढे गेली तरी यांचं क्लॅरिनेट अजून अलीकडेच होतं. काकांना वाटलं, दमली आहे बिचारी.

"अहो," काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "डबा छान झालाय. पण हे आपलं गाणं नाही."

"आपलं नाही म्हणजे? तबकडी तीच, सुई तीच."

"आपलं हळू असायचं. आणि आवाज असा चढा नसायचा."

"मीटरवर पन्नास आहे. रेघा उभ्या आहेत."

"असतील हो. जुना डबा हळू होता."

काका हसले. हसण्याशिवाय काय करणार? जुना डबा त्यांनी गणित करून बनवला होता, त्याचं पन्नास कागदावर आलं होतं. मग ते हसायचे थांबले. कागदावर आलं होतं. मोजलं कुठे होतं? डोंगरावर हेलकावे मोजायचा मीटर नव्हता. रेघांची चकतीही तिथे कामाची नव्हती, कारण बॅटरीवरचा दिवा लुकलुकतच नाही. आणि हेलकाव्यांचा वेग ज्याच्यावर ठरतो त्या कपॅसिटरवर त्या काळी लिहिलेलं एक आणि आत भरलेलं दुसरं, हे तर बॅटऱ्यांच्या कोठीतला कुणीही सांगू शकला असता. शहरात आल्यावर मोजता आलं असतं. पण आपल्या डब्यावर संशय कोण घेणार?

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मग सगळं सांगितलं. पहिल्याच वर्षी त्या डोंगर उतरून बाजाराला गेल्या होत्या, तेव्हा रेडिओच्या दुकानात हीच धून चालू होती, मागे कुत्रं लागल्यासारखी पळत. त्यांना वाटलं दुकानदाराचं यंत्र बिघडलंय. मग दुसऱ्या दुकानात तसंच. मग रेडिओवरही तसंच. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की बिघडलेलं यंत्र कुणाचं आहे ते. ठाण्यातल्या बाकीच्यांनाही ठाऊक होतं. ते आपसात हसायचे, आणि काकूंनी त्यांना दम भरून ठेवला होता की यांच्या कानावर जाता कामा नये.

"मला का नाही बोललीस?"

"काय बोलणार? तुमची दाही बोटं भाजलेली होती. आणि मला ते हळूच आवडायचं. आपल्याला नाचता कुठे येत होतं? त्या पळत्या गाण्यावर एकमेकांच्या पायांवरच पडलो असतो."

"आणि आता? फोनवर अडलीस तेव्हा तरी सांगायचंस."

"मला काय ठाऊक पायांना एवढं कळतं ते? मला वाटलं पायच गेले. आत्ता गुणगुणताना कळलं."

काका उठून गॅलरीत गेले. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, त्याला दुसरा शब्द नाही. इतकी वर्षं घरी येईल त्याला त्यांनी तो डबा दाखवला होता, आणि पाहुणे ते घशातून रडणारं क्लॅरिनेट ऐकत माना डोलावत चहा पीत होते. हसू आलेलं किती जणांनी गिळलं असेल? आपण शहाण्यासारखे बोलत होतो आणि बायको आपली अब्रू झाकत होती. उभ्या उभ्या त्यांनी दोन-चार पाहुणे आठवून पाहिले आणि त्यांचे कान तापले. मग आतून काकूंनी खुर्चीचा हात धरून उठायचा प्रयत्न केल्याचा आवाज आला, आणि परत बसल्याचा. काकांनी नाक शिंकरलं. लाज वाटून घ्यायला पुढे वेळ होता, सोमवार मात्र थांबणार नव्हता.

त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि आधी क्रिस्टल उपटला. तो हट्टी खडा पन्नासच्या खाली येणार नव्हता आणि काकूंचे पाय पन्नासवर येणार नव्हते, तेव्हा दोघांपैकी जायचं कुणी हे उघड होतं. त्याच्या जागी त्यांनी साधं, फिरवता येणारं एक बटण जोडलं, रेडिओचा आवाज कमी-जास्त करतात तसलं. वळवाल तसे हेलकावे. असलं ढिलं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं, आणि मुद्दाम चुकवायचं म्हणून तर मुळीच नाही. काकू पट्ट्या वाचत होत्या आणि काका न भांडता डाग देत होते.

आता प्रश्न वेगाचा. जुना डबा नेमका किती चुकत होता हे सांगायला तो जिवंत नव्हता. दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा काकांनी तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, एवढंच ना, फोनवरही हळू करता येतं, आणि जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन तिने करूनही दाखवलं. पण फोनने ठेका तेवढा लांबवला, क्लॅरिनेटचा गळा होता तसाच चढा राहिला. काकू चार पावलं चालल्या आणि अडल्या. ओळखीच्या माणसाने अनोळखी आवाजात हाक मारली तर कसं वाटेल, तसं वाटतंय म्हणाल्या. यावेळी मात्र लेकीने बापाला पुरे करा म्हटलं नाही. ती निघताना फक्त एवढंच म्हणाली, की खुर्ची थांबवायला फोन केला, पण दुकानवाला आता उचलत नाहीये.

काकूंनीच मग तोड काढली. त्या खुर्चीत नीट बसल्या, पाय जमिनीला टेकवले आणि डोळे मिटले.

"हाताकडे बघू नका, तो आपल्या मनाचा राजा आहे," त्या म्हणाल्या. "पायाकडे बघा."

बसलेल्या माणसाचा पाय गोठत नाही. काकूंच्या उजव्या टाचेने जमिनीवर ठेका धरला, ढुम, ढुम, आणि ओठांवर धून सुरू झाली. फ्यूजकाका चक्क फरशीवर पालथे पडले, एक डोळा बायकोच्या टाचेवर आणि हात वर टेबलावरच्या बटणावर. तबकडी पुढे पळत होती. त्यांनी बटण थोडं वळवलं. क्लॅरिनेट खाली आलं. अजून खाली, काकू म्हणाल्या. आणखी वळवलं. पितळी वाद्य आता पोटातून बोलायला लागलं. जास्त झालं, जरा वर. काकांनी श्वास रोखून केसभर बटण मागे घेतलं, आणि टाच आणि ढुम एकदम जमिनीवर पडले.

"इथे," काकू म्हणाल्या. "आता हात लावू नका."

काका कण्हत उठले आणि मीटर पाहिला. चव्वेचाळीस, वर थोडंसं. कागदी चकतीवरच्या रेघा सगळ्या मागे मागे वाहत होत्या. त्यांच्या जिवाला ते बघवेना, पण बटणाला त्यांनी हात लावला नाही. ट्यूबलाइट तेवढी बंद केली.

मग त्यांनी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. काकू उठल्या. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं, घाई नाही, फरपट नाही. दाराची चौकट आली आणि काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी चौकटीकडे बघितलंही नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला, उभ्यानेच पेलाभर पाणी प्यायल्या आणि तसाच पेला भरून नवऱ्यासाठी घेऊन आल्या. वाटेत निम्मं सांडलं. काकांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि मग तोंड फिरवून बराच वेळ डब्याचे स्क्रू आवळत बसले, आवळायला काही शिल्लक नसताना.

सोमवारी सकाळी दारावरची घंटा वाजली तेव्हा तबकडी चालू होती आणि काकू बोळकांडीत फेऱ्या घालत होत्या. काका उठायला लागले, तर काकूंनी मानेनेच नको म्हटलं. त्या ठेक्यात दारापर्यंत गेल्या, थरथरत्या हाताने कडी काढायला त्यांना वेळ लागला, पण ती त्यांनीच काढली. बाहेर दुकानाचा माणूस उभा होता, शेजारी घडी केलेली खुर्ची, चाकांना अजून प्लास्टिक.

"पेशंट आत आहेत का?" त्याने विचारलं. "बसवून माप बघावं लागेल."

"मीच आहे," काकू म्हणाल्या. "ठेवा त्या कोपऱ्यात. कधीतरी लागेल. आज नाही."

माणसाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि ती दाराजवळच्या कोपऱ्यात उभी केली. जाता जाता तो आत वळून म्हणाला, "काका, रेकॉर्ड मंद चालतीये तुमची. मोटर दाखवून घ्या."

काका उठून उभे राहिले. काकूंना वाटलं, आता याची काही धडगत नाही.

"मंदच ठेवलीये," काका म्हणाले. "मीच केलंय ते."

माणूस जिना उतरून गेला. तेवढ्यात तबकडीची ती बाजू संपली आणि सुई कडेला खरखरत राहिली. काकू उघड्या दाराशी होत्या, धरायला जवळ फक्त ती खुर्ची, आणि पाय पुन्हा रुतले होते. काका त्यांच्याकडे धावणार तोच त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"इकडे नका येऊ," त्या म्हणाल्या. "परत लावा. मला आत यायचंय."

काकांनी सुई उचलली आणि सुरुवातीला नेऊन ठेवली.